रणदिव्यांचा मूळपुरुष

निवृत्त पोस्टमास्तर श्रीकांत रणदिवे यांनी वीस वर्षं खपून घराण्याचा इतिहास लिहिला होता. पहिल्याच पानावर मूळपुरुष बाळोजी एकट्याने शत्रूची फळी फोडत होते. आता ते त्यांच्याच तोंडून वदवून घ्यायचं, म्हणून श्रीकांतराव कुलवृत्तांत संमेलनात पूर्वजांना बोलतं करणाऱ्या यंत्रापुढे सकाळपासून रांगेत उभे होते.

"थुंका इथे," संशोधक डॉ. तारकुंडे मॅडम म्हणाल्या.

श्रीकांतराव यंत्राच्या वाटीत थुंकले. रक्तात उतरलेली आठवण जागी झाली आणि अडीचशे वर्षांपूर्वीचा आवाज सभागृहात घुमला. "कोण रे?"

"मी आपला वंशज. आपण रणात फळी फोडलीत, ती हकिगत..."

"कसली फळी? तोफ वाजली तसा जोंधळ्यातून पळालो, तो थेट सासुरवाडीला!"

सभागृह खो-खो हसलं. श्रीकांतरावांचे कान तापले. "म्हणजे आपण पळपुटे?"

"अरे, लढले ते सगळे गेले. मी पळालो नसतो तर तू विचारायला उरला असतास?"

श्रीकांतरावांनी मागे पाहिलं. बाकीच्या शूरांचे वंशज रांग सोडून चहाकडे सरकत होते. यंत्रावरची त्यांच्या वाट्याची दोन मिनिटं अजून शिल्लक होती. त्यांनी खुर्ची पुढे ओढली, वहीचं कोरं पान काढलं आणि हळूच विचारलं, "मग सासूबाई काय म्हणाल्या?"