स्टार्टरची वायर

दिवे लख्ख, हॉर्न खणखणीत; किल्ली फिरवली की मात्र नुसतं ‘टक’. म्हणजे बॅटरी ठीक, गोम स्टार्टरच्या वायरीत. टिपणिसांनी जुन्या मोटारीचं बॉनेट उघडून वायरीवरचा हिरवा गंज काचपेपरने घासला, नट आवळला. पुन्हा किल्ली फिरवताच इंजिन स्वप्नात असल्यासारखं गुणगुणू लागलं.

धुक्यातून शेजारच्या उषाताई पदर खोचून येताना दिसल्या. रोज सकाळी त्याच मोटारीला धक्का मारायच्या, टोमणेही. एकट्या टिपणिसांचा दिवस त्यावरच उजाडायचा. उद्यापासून त्या कशाला येतील? टिपणिसांनी घाईने इंजिन बंद केलं.

“आजही चालू होत नाही हो.”

“असं? आत्ता गुणगुणत कोण होतं?” उषाताईंनी त्यांची हिरवी झालेली बोटं पाहिली. मग त्या पुढचं दार उघडून शेजारी बसल्या. “टेकडीपर्यंत फिरवून आणा. आणि वायर पुन्हा सैल करू नका, उद्याही मी येणारच आहे.”