घोडीच्या आया-आज्या

आमच्या अरबस्तानातल्या नज्दच्या वाळवंटात पैदाशीच्या घोडीचा भाव तिच्या आईकडच्या घराण्यावर ठरतो. पोलंडहून आलेल्या गिऱ्हाइकापुढे माझा नवरा मुतलक छाती फुगवून सांगू लागला, "हिची आई रिश्मा, रिश्माची आई दल्मा, दल्माची आई जौहरा..." असं करत गडी न अडखळता सातव्या आजीपर्यंत पोचला. दर नावाला घोडीचा भाव चढत होता आणि तंबूतले म्हातारे माना डोलावत होते.

गिऱ्हाईक खूश झालं. मोडक्या अरबीत म्हणालं, "पटलं! मागाल तो दाम देतो. पण हिला एवढं जपलं कुणी?"

"आमच्या आईनं. उंटिणीचं दूध स्वतःच्या हातानं पाजून वाढवलीय."

"वा! काय नाव त्या माउलीचं?"

मुतलकचा हात खंजिरावर गेला. "चारचौघांत माझ्या आईचं नाव विचारतोस? लाज नाही वाटत? नाही विकायची घोडी, चालता हो!" म्हाताऱ्यांनी यावरही माना डोलावल्या.

पडद्याआड मी आणि सासूबाई रोट्या भाजत होतो. अख्खी टोळी त्यांना 'मुतलकची आई' म्हणते. मीसुद्धा.



तव्यावरची रोटी उलटत सासूबाई पुटपुटल्या, "खवळतोय कसला! ठाऊक नाही म्हणावं की सरळ."