काकांची तब्येत

आमच्या प्रयोगशाळेत प्रत्येक विभागातल्या एकाला दरवर्षी 'असमाधानकारक' शेरा द्यावाच लागतो, आणि शेरा मिळाला की नोकरी जाते. गेल्या वर्षी यादी जायच्या आठवडाभर आधी आमच्या विभागातल्या ताई अपघातात गेल्या. साहेबांनी शेरा त्यांच्याच नावापुढे लिहिला.

"त्यांना आता काय फरक पडतो?" ते म्हणाले. रडता रडता आम्ही सुटकेचा निःश्वास सोडला.

यंदा यादीला चार दिवस उरले असताना बायपास झालेले आमच्या विभागातले काका कामावर हजर झाले. आम्ही त्यांच्याभोवती घोळका केला. "काका, डॉक्टर काय म्हणाले?"

"एकदम ठणठणीत! अजून बरीच वर्षं तुमच्या डोक्यावर मिऱ्या वाटणार आहे."

 

आम्हा सगळ्यांचीच तोंडं पडली.