अडीच वाजताचं गिऱ्हाईक

नवऱ्याने दुसरा घास घेतला आणि डोळे मिटले. समोर बसलेल्या बायकोने काटा खाली ठेवला. चोवीस वर्षांत या माणसाने कुणाच्या जेवणाची खोटी तारीफ केली नव्हती, स्वतःच्या लग्नातल्या जेवणाचीसुद्धा नाही. त्याने डोळे मिटले म्हणजे निकाल लागल्यात जमा होता.

दोन गल्ल्या सोडून त्यांची स्वतःची खानावळ होती. सहा टेबलं, साधं घरगुती जेवण, तो शेगडीपाशी आणि ती बाहेर. हे इटालियन हॉटेल उघडल्यापासून सहातली तीन टेबलं नुसती पुसायला उरली होती. मुलगी केव्हाची मागे लागली होती, की बंद करा ते आणि माझ्याकडे राहायला या. शेवटी दोघांचं असं ठरलं, की एकदा त्या हॉटेलात जाऊन जेवून बघायचं. जेवण आपल्यापेक्षा वाईट असेल तर दम धरायचा. चांगलं असेल तर गाशा गुंडाळायचा. निकाल नवरा देणार होता, कारण त्याची जीभ कुणाची भीडभाड ठेवत नसे.

बायकोने हे कबूल केलं होतं ते केवळ नशिबावर हवाला ठेवून. मुलीकडे आपल्याला सोफ्यावर बसवतील, चहासुद्धा हातात आणून देतील आणि आपण महिन्याभरात वाळून जाऊ, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिला गाशा गुंडाळायचा नव्हता.

म्हणून आज दुपारी त्यांनी खानावळीला कुलूप लावलं आणि ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून अडीचचा मुहूर्त धरून इथे आले. त्याने मुलीच्या लग्नातला कोट चढवला होता. तिने चष्मा काढून पर्समध्ये टाकला होता. जणू तिला कुणी दिसलं नाही की तीही कुणाला दिसणार नव्हती.

आल्यापासून ती खोड काढत होती. टेबल डुगडुगतं म्हणून तिने नाक मुरडलं आणि बोलता बोलता कागदाची घडी करून त्याच्या पायाखाली सरकवलीही. पास्ता अर्धवट शिजलाय, असं तिने सुचवून पाहिलं. तो तसाच असतो, असं नवऱ्याने सांगितलं. सॉस आंबट आहे म्हणावं, तर त्याने पावाच्या तुकड्याने ताटली पुसून लख्ख केली होती.

"अगं, याच्या हाताला चव आहे," तो हळू आवाजात म्हणाला. "आपण हरलो."

तिला रडू आलं. ते लपवायला तिने मेनूकार्ड तोंडासमोर धरलं, आणि नेमका तेवढ्यात शेजारच्या छापखान्यातल्या आठ माणसांचा घोळका आत शिरला. हॉटेलात मालकीणबाई एकट्याच होत्या आणि त्या आत स्वयंपाकघरात अडकल्या होत्या. घोळक्यातला एक जण जोरात ओरडला, "पाणी आणा हो."

दोघंही ताडकन उठली.

आठ ग्लास भरून झाल्यावर बायकोच्या लक्षात आलं, की ही आपली खानावळ नव्हे. तोवर कोटातला नवरा दुसऱ्या टोकाला उभा राहून ऑर्डर घेत होता, आणि मशरूमचा पास्ता घ्या, आज फर्मास झालाय, अशी शिफारसही करत होता. मालकीणबाई हातात दोन ताटल्या घेऊन बाहेर आल्या आणि दोन अनोळखी माणसं वाढताना पाहून थबकल्या. पण बुडत्याला काडीचा आधार. त्यांनी ताटल्या बायकोच्या हातात दिल्या आणि पुन्हा आत पळाल्या.

घोळका जेवायला लागला तेव्हा कुठे मालकीणबाई हात पुसत यांच्या टेबलाशी येऊन टेकल्या. तुम्ही कोण, असं त्यांनी विचारलं. बायकोने सवय हो, दुसरं काय, असं पुटपुटून वेळ मारून नेली. मालकीणबाईंनाही उत्तराची फारशी गरज नव्हती. त्यांना मन मोकळं करायचं होतं. स्वयंपाक सगळा त्यांचे यजमान करत. पण सॉस करून ठेवले, की अडीचच्या ठोक्याला मागच्या दाराने जे गायब होत, ते थेट चारला उगवत. टोमॅटो बघायला जातो म्हणत.

"रोज दीड तास टोमॅटो बघतात," मालकीणबाई म्हणाल्या. "आणि आल्यावर इथल्या अन्नाला शिवत नाहीत. मला तर वेगळाच संशय येतोय."

तेवढ्यात दार उघडलं आणि मालक आत आले. हातात एकही टोमॅटो नव्हता. चेहरा पार उतरला होता.

चष्म्याशिवायही बायकोने त्यांना ओळखलं. हा तर त्यांचा भिंतीकडच्या टेबलावरचा माणूस. रोज अडीचनंतर येणारा, मान खाली घालून जेवणारा, सूप दोनदा मागणारा. घरी करून घालणारं कुणी नसेल बिचाऱ्याला, म्हणून ती त्याला न विचारता जास्तीचं वाढायची.

मालकही जागच्या जागी थिजले. मालकीणबाईंनी कंबरेवर हात ठेवून कुठे होतात म्हणून विचारलं. ते खानावळवालीकडे वळून रुसलेल्या सुरात म्हणाले, "पाऊण तास तुमच्या बंद दारात उभा होतो. सकाळपासून पोटात काही नाही."

बायकोने नवऱ्याच्या कोटाच्या खिशात हात घालून किल्ल्या काढल्या.

"उठा हो," ती म्हणाली. "गिऱ्हाईक उपाशी आहे."