बिनधुराचं जळणं

बिस्किटांच्या कारखान्यात डिझेलच्या भट्टीवर थोरल्या जावेची हयात गेली, आणि हरित हायड्रोजनची नवीकोरी भट्टी मिळाली कालपरवा लागलेल्या धाकटीला. साहेबांनी फोटोही धाकटीचाच काढला. थोरलीच्या पोटात दुखायला लागलं. आपल्या भट्टीची काच पुसायचं काजळलेलं फडकं खांद्यावर टाकून ती मुद्दाम बघायला आली. इथल्या काचेवर काजळीच नव्हती. आत डोकावली, तर ज्योतही दिसेना. तिच्या मनात उकळ्या फुटल्या. "विझलीय गं तुझी भट्टी," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. धाकटीनं भट्टीतून सरकत येणाऱ्या पट्ट्यावरचं गरम बिस्कीट तिच्या हातावर ठेवलं. कडेपर्यंत खरपूस, नावं ठेवायला जागा नव्हती. "जाऊबाई, हिची ज्योत दिसत नाही," धाकटी म्हणाली. "धूर नाही, काजळी नाही. जवळ आलेल्यालाच कळतं, आत किती जळतंय ते." थोरलीनं त्याच फडक्यानं घाम पुसला आणि आपलंच तोंड काळं करून घेतलं.