सात नंबरची चाल

सहा वर्षांनी मृदुला चाकाच्या खुर्चीतून उठली आणि प्रयोगशाळेच्या व्हरांड्यात चालू लागली, तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तिच्या नवऱ्याचे, डॉ. विश्राम केळुसकरांचे, हात मात्र अर्ध्यावरच थांबले. ती चाल त्यांच्या सहकाऱ्याची, निरंजनची होती. तसाच टाचेवर जोर, तसाच पुढे काढलेला डावा खांदा.

मल्टिपल स्क्लेरोसिसने झिजलेलं तिच्या मज्जातंतूंवरचं आवरण विश्रामांनीच नव्यानं वाढवलं होतं. पण त्या तंतूंना चालायला शिकवायचं, तर निरोगी माणसाच्या चालीचा नमुना लागे. प्रयोगशाळेतल्या बारा जणांनी तो दिला होता, विश्रामांनीही. पक्षपात नको म्हणून नमुन्यांवर नावं नव्हती, फक्त नंबर होते. त्यातला सातवा विश्रामांनीच निवडला होता.

"अहो, बघताय ना?" मृदुला हसत म्हणाली. "पाय कसे आपोआप पडतायत!"

निरंजन तिला सोबत करत होता. दोघांची पावलं एकाच ठेक्यात पडत होती. विश्रामांचा नुसता जळफळाट झाला. यानेच नंबरांची अदलाबदल केली असणार, नाहीतर माझी चाल मागे पडलीच कशी?

निरंजनची चोरी पकडायला त्यांनी तिथल्या तिथे कपाट उघडून नावांचं सीलबंद पाकीट फोडलं. अदलाबदल झालेलीच नव्हती. सात नंबर निरंजनचाच होता. स्वतःचं नाव त्यांना चार नंबरसमोर सापडलं.

त्यांनी चार नंबरची फाइल काढली. आत त्यांच्याच अक्षरात शेरा होता : 'चाल रटाळ, पाय ओढणारी. कुठल्याही रुग्णावर लादू नये.'