प्रार्थनेची रांग

शाळेत प्रार्थना सुरू झाली की संगीताचे मनोहर सर मला रांगेबाहेर काढायचे. "तुह्या आवाजानं सकाळ खराब होते माही. जाय, मैदानातला कचरा उचल!"

यंदा टीव्हीवरची गाण्याची स्पर्धा जिंकून मी सेलूला परतले. सत्काराला सर पहिल्याच रांगेत बसले होते, 'माहीच विद्यार्थिनी' म्हणून सगळ्यांना सांगत. नगराध्यक्षांनी विचारलं, "पोरी, आपल्या गावासाठी काय गाशील?"

मी सरांकडे बघून हसले. "घंटागाडीवरचं गाणं गाऊन देते न, काका. फक्त गाडी पहिले सरांच्या घरी पाठवजा."

 

आता रोज सकाळी सहाला सरांच्या फाटकासमोर माझा आवाज लागतो, आणि सर कचऱ्याची बादली घेऊन बाहेर येईपर्यंत तो काही बंद होत नाही.